आसन बरोबर, कारण चूक

बी.एड.च्या वर्षात आपण सर्वांनी एकमेकांचे पाठ पाहिले आहेत. मागच्या बाकावर बसायचे आणि निरीक्षणवहीत नोंदी करायच्या: विषयप्रवेश कसा झाला, प्रश्न कोणाला विचारले, फलकलेखन शेवटच्या रांगेतून दिसत होते का. नोकरी लागली की ही सवय सुटते. मग वर्षानुवर्षे आपण फक्त स्वतःचाच तास ऐकत राहतो. योगशिक्षकांचे तर याहून अवघड आहे. त्यांच्याकडे ना निरीक्षणवही असते, ना तपासणीला येणारे साहेब. एका योगशिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात सतरंजी टाकून बसणे हे अजूनही थोडे संकोचाचे मानले जाते. आपण परीक्षा घ्यायला आलो, असे त्यांना वाटेल का? की विद्यार्थी पळवायला आलो, असे?

अंबरनाथला आम्ही काही वर्षे योगवर्ग घेतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. दोन्ही भूमिका घेऊन उल्हासनगर कॅम्प २ मधील एका खाजगी योगवर्गात आठवडाभर विद्यार्थी म्हणून बसलो. त्या वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण जे ऐकले ते त्या एकाच वर्गात ऐकू येते असे नाही. दूरदर्शनवर, पुस्तकांत, बागेतल्या सकाळच्या मंडळात आणि आपल्या शाळांच्या पटांगणावरही तीच वाक्ये कानी पडतात. म्हणून ही टीका कोणा व्यक्तीवर नसून त्या वाक्यांवर आहे.

वर्ग कसा होता?

उल्हासनगर स्टेशनवरून रिक्षाने नेहरू चौकाकडे गेले की गजानन मार्केटच्या आसपासची कापडाची दुकाने लागतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जागा मिळाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण कॅम्प हा शब्द मात्र पत्त्यात कायमचा राहिला. दिवसभर गल्ल्यावर बसणारे किंवा काउंटरमागे उभे राहणारे लोक येथे पुष्कळ. त्यामुळे वर्गात येणारी दुखणीही ठरलेली: कंबर, गुडघे, मान, पायाच्या फुगलेल्या शिरा, साखर आणि रक्तदाब. वर्ग हिंदीत चालतो, मधूनमधून सिंधी. शिक्षिकेला सगळे ‘दीदी’ म्हणतात, साठी उलटलेल्या बायकासुद्धा.

पाठ म्हणून पाहिले तर तो उत्तम होता, हे आधी सांगितले पाहिजे. दीदी प्रत्येक आसन स्वतः करून दाखवत, मग रांगांतून फिरत. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांना खुर्ची होती आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. पुढे वाकताना पाठ ताठ राहत नसेल तर गुडघे थोडे दुमडायला त्या सांगत. कोणाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी विचारत. आपल्यापैकी कितीजण चाळीस मिनिटांच्या तासात प्रत्येक मुलापर्यंत पोहोचतो? या कसोटीवर त्या वर्गाला आम्ही पहिला वर्ग देऊ.

अडचण होती ती आसनासोबत सांगितल्या जाणाऱ्या कारणांची. आठवडाभरात चार कारणे पुन्हा पुन्हा ऐकली. त्यांतले एकेक घेऊन पाहू.

पहिले कारण : दीर्घ श्वास घेतला की प्राणवायू जास्त मिळतो

प्रथम साधा हिशेब करू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे १२ श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. म्हणजे मिनिटाला ६ लिटर. यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा दर श्वासात नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कामाची हवा १२ गुणिले ३५०, म्हणजे ४.२ लिटर. आता मिनिटाला ६ श्वास आणि प्रत्येकी १००० मिलिलिटर असे घेतले तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर, पण कामाची हवा ६ गुणिले ८५०, म्हणजे ५.१ लिटर. संथ श्वसनाने फुप्फुसे अधिक काटकसरीने काम करतात, हे खरे आहे. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांनाही फळ्यावर करता येईल.

पण यावरून रक्तात प्राणवायू वाढतो असा निष्कर्ष काढता येत नाही. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्तामधले हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही ९५ ते ९९ टक्के प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी किती पाणी ओतणार? शिवाय आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासातल्या हवेत सुमारे १६ टक्के शिल्लक राहतो. म्हणजे आलेल्या प्राणवायूचा चौथा भागच आपण वापरतो. तुटवडा मुळात नाहीच.

हे पडताळून पाहणे आता सोपे झाले आहे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. तो कपाटातून काढावा. बोट गरम आणि स्थिर ठेवून आधी आकडा लिहावा, मग पाच मिनिटे संथ, दीर्घ श्वसन करून पुन्हा लिहावा. निरोगी माणसात आकडा फार तर एक-दोनने हलतो. नाडीचा आकडा मात्र बरेचदा अधिक बोलका असतो, तोही शेजारीच दिसतो.

या गैरसमजाला आपल्या भाषेनेही हातभार लावला आहे. पाठ्यपुस्तकांनी ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हटले आणि योगग्रंथांतला ‘प्राण’ हाच तो वायू, असे वाचकाला आपोआप वाटू लागले. हठप्रदीपिका हा ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला, तर ऑक्सिजन वेगळा करून ओळखला गेला तो १७७० च्या दशकात, शेले आणि प्रीस्टली यांच्या प्रयोगांतून. ग्रंथकाराच्या मनात असणारा प्राण हा हवेतला एक घटक असणे शक्यच नाही. दोन वेगळ्या विचारव्यवस्थांतले शब्द केवळ सारखे दिसतात म्हणून एक मानले की दोघांवरही अन्याय होतो.

मग संथ श्वसनाने बरे वाटते ते कशाने? २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणताना श्वसनाची गती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत उतरते, आणि या गतीला रक्तदाब सांभाळणारी मज्जासंस्थेची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले. म्हणजे लाभाचा रस्ता वायूच्या साठ्यातून जात नाही, तो मज्जातंतूंतून आणि हृदयाच्या लयीतून जातो.

दुसरे कारण : भस्त्रिकेत गरगरले तर शक्ती वर चढते आहे

तिसऱ्या दिवशी भस्त्रिकेच्या तिसऱ्या आवर्तनात एका तरुणाने डोके हलके झाल्याचे आणि बोटांना मुंग्या आल्याचे सांगितले. त्याला उत्तर मिळाले की प्राणवायू मेंदूत पोहोचतो आहे, शक्ती जागी होते आहे, चालू ठेवा.

प्रत्यक्षात याच्या उलट घडत असते. जलद आणि खोल श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. या वायूला आपण नुसता टाकाऊ समजतो, पण मेंदूतल्या रक्तवाहिन्या किती रुंद राहाव्यात हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. तो घटला की त्या वाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते. म्हणून गरगरते. त्याच वेळी रक्ताचा अल्कधर्म वाढून मोकळे कॅल्शियम आयन घटतात, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. हे शरीराने ‘थांब’ म्हणून सांगणे आहे. थोडा वेळ साधा श्वास घेतला की सारे पूर्ववत होते. हठप्रदीपिकेतही अयोग्य रीतीने केलेल्या प्राणायामाने विकार जडतात असा इशारा आहे. जुन्यांना कारण ठाऊक नसेल, पण परिणाम त्यांनी पाहिला होता.

शिक्षकांनी ही गोष्ट आणखी एका प्रसंगासाठी लक्षात ठेवावी. पावसाळ्यात बदलापूरकडची मुले उल्हास नदीत आणि कोंडेश्वरला पाण्यात उतरतात. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की जास्त वेळ पाण्याखाली राहता येते, हे मुलांना अनुभवाने कळलेले असते, आणि प्राणवायू साठवला असा त्यांचा समज होतो. साठवलेला काहीच नसतो. श्वास घेण्याची तळमळ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. तो आधीच घालवल्यामुळे तळमळ उशिरा होते, आणि त्यापूर्वीच प्राणवायू संपून मूल पाण्याखाली बेशुद्ध पडू शकते. ही युक्ती करू नये, हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच वर्गात सांगावे.

तिसरे कारण : शीर्षासनाने मेंदूला आणि डोळ्यांना रक्त मिळते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा त्याला मिळतो, मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर. रक्तदाब बऱ्याच मर्यादेत वरखाली झाला तरी हा पुरवठा जवळपास स्थिर राहील अशी यंत्रणा तेथील वाहिन्यांतच आहे. तसे नसते तर पलंगावरून उठताना रोज आपल्याला भोवळ आली असती आणि बुटाचे बंद बांधायला वाकल्यावर डोके फुटायची वेळ आली असती. तेव्हा उलटे झाले की मेंदूवर रक्ताचा अभिषेक होतो, हे चित्र खरे नाही.

डोळ्याचे मात्र वेगळे आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ साधकांचा अक्षिदाब मोजला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तो आसनाच्या वेळी सुमारे दुप्पट झालेला आढळला. निरोगी डोळा थोडा वेळ हे सहन करतो. पण काचबिंदूच्या रोगात वाढलेल्या दाबाने दृष्टीची नस हळूहळू निकामी होते, आणि गेलेली नजर परत येत नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही, त्यामुळे तो आपल्याला आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. अशा माणसाला ‘डोळ्यांना फायदा होईल’ म्हणून भिंतीला टेकवून उलटे उभे केले तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

चौथे कारण : पीळ दिला की विषे निघून जातात

वक्रासनात यकृत पिळले जाते आणि त्यातली घाण बाहेर पडते, असे सांगताना ओल्या फडक्याचा दृष्टांत देतात. दृष्टांत चटकन पटतो, म्हणूनच तो सावधपणे वापरायचा असतो. यकृत हे साठवणीचे फडके नाही. ते नको असलेले पदार्थ रासायनिक क्रियांनी बदलते, आणि ते पित्तावाटे किंवा मूत्रावाटे जातात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्राव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. हे काम आपण झोपलो असतानाही चालते. ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत त्यांना यंत्राने रक्त शुद्ध करावे लागते, पीळ देऊन भागत नाही. वक्रासनाने पाठीचा कणा आपल्या मर्यादेत वळतो, पाठीचे आणि पोटाचे स्नायू ताणले जातात. गल्ल्यावर दहा तास बसणाऱ्याला एवढे कारण पुरेसे नाही का?

कारण चुकले तर बिघडते काय?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. लोक व्यायाम करतात, त्यांना बरे वाटते, मग कारणाचा एवढा कीस कशाला काढायचा? ‘साखर गोड लागते, तिचे रासायनिक सूत्र कशाला?’ असे एका सहसाधकाने आम्हाला विचारलेच.

आमचे उत्तर असे. कारण हे केवळ मागे वळून दिलेले स्पष्टीकरण नसते. पुढे काय करायचे, किती करायचे, कोणी करायचे नाही आणि कधी थांबायचे, हे त्यावरून ठरते. गरगरणे म्हणजे शक्ती असे मानणारा आणखी जोर लावील. गरगरणे म्हणजे कार्बन डायऑक्साइड घटल्याची खूण असे जाणणारा थांबेल. शीर्षासन डोळ्यांना पोषक असे ऐकलेला काचबिंदूचा रुग्ण पुढच्या रांगेत येईल. दाबाचे कारण ऐकलेला मागे बसून शवासन करील. क्रिया तीच आहे. कारणाने माणसाचे पाऊल बदलले.

याचा प्रत्यय वर्गातच आला. शेवटच्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारले, रक्त आता रोज शुद्ध होतेच आहे, तर रक्तदाबाची गोळी अर्धी करू का? त्यांचा तर्क निर्दोष होता. आठवडाभर ऐकलेल्या कारणांवरून तोच निष्कर्ष निघत होता. दीदींनी गडबडून ‘डॉक्टरांना विचारा’ असे सांगितले, आणि ते अगदी योग्यच होते. पण मग आधीच्या सहा दिवसांच्या कारणांचे काय? नियमित योगाभ्यासाने रक्तदाब काही अंशी उतरतो असे अनेक अभ्यासांत दिसते, तेही औषधाच्या जोडीने, औषधाऐवजी नव्हे. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी बंद केल्या तर दाब उसळून पूर्वीहून वर जातो. त्या मावशींना हे दोन मुद्दे पहिल्याच दिवशी कळायला हवे होते.

लोणावळ्याचा धडा

योगाची कारणे तपासणे म्हणजे परंपरेचा अवमान, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आठवावे. जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला शिक्षणकार्यात असलेले गृहस्थ. व्यायामाचे शिक्षण त्यांनी बडोद्याला माणिकरावांकडे घेतलेले होते. स्वतः शिकवणारा हा माणूस १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांपुढे विद्यार्थी होऊन बसला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले.

गुरूकडून शिकलेल्या क्रिया त्यांनी श्रद्धेने केल्या, पण त्यांची कारणे श्रद्धेवर सोडली नाहीत. उड्डियान आणि नौली यांत पोटात नेमके काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचा उपयोग केला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले. बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते याचा उलगडा त्यातून झाला. या अंशतः निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. गुरूविषयीचा आदर आणि मोजमाप यांत त्यांना विरोध दिसला नाही.

मोजमापाने नेहमी मनासारखेच उत्तर मिळते असे नाही. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी हृदय थांबवू शकतो असे म्हणणाऱ्या योग्यांची तपासणी केली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मनगटाची नाडी लागेनाशी होत होती हे खरे, पण हृदयाच्या विद्युत् आलेखात ठोके चालूच होते. श्वास रोखून छाती आणि पोट आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटत होते. यात योग्यांचे कसब खोटे ठरले नाही. चुकीचे होते ते त्या कसबाचे कारण.

आपण काय करावे?

वर्ग संपल्यावर आम्ही दीदींना यातले मुद्दे निवांतपणे सांगितले, विद्यार्थ्यांसमोर नव्हे. पाहुण्या शिक्षकाने पाळायची ही पहिली रीत. ऑक्सिमीटरचा प्रयोग त्यांनी तेथेच करून पाहिला आणि शीर्षासनाआधी डोळ्यांची चौकशी करण्याचे मान्य केले. ‘पण मग लोकांना काय सांगू? काही तरी कारण मागतातच,’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. सांगण्याजोगे खरे कारण पुष्कळ आहे: स्नायू ताणले जातात, तोल सुधारतो, सांधे वापरात राहतात, संथ श्वसनाने मन आणि हृदयाची गती निवते. आणि जेथे ठाऊक नाही तेथे ‘हे अजून नीट ठरलेले नाही’ असे सांगितल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. विज्ञानाच्या तासालाही तो होत नाही.

२०१५ पासून दर वर्षी २१ जूनला आपल्या शाळांत योगदिन होतो, आणि ध्वनिक्षेपक बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी हातात येतो. त्याआधी एक दिवस सहकाऱ्याला आपली सांगण्याची वाक्ये ऐकवावीत आणि प्रत्येक वाक्यापुढे दोन प्रश्न लिहावेत. हे आपल्याला कशावरून कळले? आणि एखाद्याने हे खरे मानले तर तो उद्या काय करील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मुलांसोबत आलेल्या आजी-आजोबांनाही डोळ्यांसमोर ठेवावे, कारण ध्वनिक्षेपकावरचे वाक्य तेही ऐकतात.